परसातील कोंबडी आणि आभाळातील पाहुणे



वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे श्रोत्यांच्या मनात काही ठरलेले विषय असतात. संतवाङ्मय असते, इतिहास असतो, अर्थकारण असते, एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असते. अशा मानाच्या पंक्तीत आम्ही आज कोंबडीला पाट मांडून बसवणार आहोत. विषयपत्रिका वाचताना काही मंडळींनी सुपारी कातरता कातरता हसून घेतले असेल, याची आम्हांस कल्पना आहे. त्या हसण्याचा आम्हांस राग नाही. मात्र तास संपेपर्यंत हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही एवढे आपणांस पटले, तर आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.

खानदेशच्या माणसाने तरी या विषयाला हसू नये, याला एक जुनी तारीख साक्षीला आहे. १८ फेब्रुवारी २००६ या दिवशी बर्ड फ्लू हा शब्द भारतातल्या घराघरांत पोचला आणि त्याच्याबरोबर आपल्या शेजारच्या नवापूरचे नावही पोचले. भारतातली या रोगाची ती पहिली नोंद होय. नवापूरच्या कुक्कुटगृहांत कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा पुष्कळांनी हा नेहमीचा राणीखेत रोग, म्हणजे आपली मानमोडी, असेच धरून चालले होते. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि एच-५ एन-१ या विषाणूचे निदान केले. मग रोगाच्या ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या मारून पुरण्याचे काम सुरू झाले. मारलेल्या पक्ष्यांची गणती लाखांत गेली. देशभर अंड्याचा आणि कोंबडीचा भाव कोसळला. ज्या धंद्यावर नवापूर तालुक्यातल्या कित्येक कुटुंबांची चूल पेटत होती, तो धंदा चार दिवसांत बसला.

येथपर्यंतची हकीकत बहुतेकांना आठवत असेल. पुढची मात्र आपण विसरलो आहोत, आणि आजच्या विषयाला तीच अधिक जवळची आहे. मार्च २००६ मध्ये तोच रोग जळगाव जिल्ह्यात निघाला. हातेड, मारूळ, साळवा, सावदा ही गावे त्यात होती. हातेड हे चोपडे तालुक्यातले गाव. आपल्या तालुक्याची सीमा ओलांडली की चोपडे तालुकाच लागतो. नवापुरास रोग मोठ्या कुक्कुटगृहांत होता, जळगावकडे तो घरामागे चरणाऱ्या कोंबड्यांत सापडला. त्याच महिन्याच्या अखेरीस तो मध्यप्रदेशच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातही दिसला. पुढे पंधरा वर्षांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, पुन्हा नवापूरच्या कोंबड्यांना या रोगाने गाठले. तेव्हा हा पाहुणा एकदाच येऊन गेला, पुन्हा यायचा नाही, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

आता हा रोग आहे तरी काय, ते पाहू. माणसाला जसा इन्फ्लुएन्झा होतो, तसा पक्ष्यांनाही होतो. या विषाणूचे मूळ घर म्हणजे पाण्यावरची रानपाखरे, त्यांतही बदके आणि हंस. त्यांच्या आतड्यांत याचे सौम्य प्रकार पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत आणि त्या पक्ष्यांना बहुधा त्याचा त्रासही होत नाही. भाडेकरू आणि घरमालक यांचे जमले आहे, असे म्हणा ना. हाच विषाणू कोंबड्यांच्या दाटीत शिरला की मात्र त्याचा स्वभाव पालटू शकतो. हजारो कोंबड्या एका छपराखाली. एकीकडून दुसरीकडे जाता जाता त्याचे रूप बदलते आणि एखादे रूप असे निघते की दोनचार दिवसांत सारे खुराडे ओस पडावे. आज ज्या घराण्याचा विषाणू जगभर हिंडतो आहे, तो १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांत प्रथम ओळखला गेला. दुसऱ्याच वर्षी हाँगकाँगमध्ये त्याने १८ माणसांना गाठले आणि त्यांतली ६ दगावली. २००५ साली चीनच्या चिंघाई सरोवरावर हजारो रानपाखरे मेली. त्यांत पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने होते. म्हणजे रानातल्या सौम्य रोगाला पाळीव पक्ष्यांच्या दाटीत उग्र रूप आले आणि ते उग्र रूप उलट रानपाखरांवरच जाऊन पडले. या व्यवहारात कोणी कोणाला रोग दिला हा हिशेब करू गेल्यास माणसाच्या नावावर बरीच बाकी निघेल.

हा पट्टकादंब हंस आपल्याला परका नाही. मध्य आशियातून हिमालय ओलांडून तो हिवाळ्यात भारतात उतरतो. त्याच्या मागेपुढे चक्रवाक येतात, तलवार बदके येतात, थापट्ये येतात. भुसावळजवळचा हतनूरचा जलाशय अशा पक्ष्यांसाठी नावाजलेला आहे. आपल्या तालुक्यातले अनेर धरणाचे अभयारण्य १९८६ पासून आहे. शिवाय गेल्या वीस वर्षांत सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून, बंधारे घालून जे काम येथे झाले आणि 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ज्याची कीर्ती बाहेर गेली, त्याने कोरड्या नाल्यांत पाणी उभे राहिले. पाणी आले की त्यामागून पाखरू येते. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि आज तिच्याविरुद्ध एक अक्षरही बोलण्याचा आमचा विचार नाही. परंतु जेथे रानबदक उतरते तेथेच आपली कोंबडी पाणी प्यायला जात असेल, तर आपण दोन अनोळखी पाहुण्यांना एका ताटात जेवायला बसवतो आहोत, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

रोग एकीकडून दुसरीकडे जातो कसा, हे समजले म्हणजे उपाय आपोआप सुचतात. त्याचा मुख्य रस्ता म्हणजे विष्ठा. रोगी पाखराच्या विष्ठेत आणि नाकातोंडाच्या पाण्यात विषाणू असतो. थंड पाण्यात आणि ओलसर घाणीत तो दिवसेंदिवस टिकतो. ऊन आणि कोरडेपणा त्याला मानवत नाही. खानदेशच्या वैशाखाला आपण सगळेच शिव्या देतो, पण या एका बाबतीत तो आपला बिनपगारी नोकर आहे. दुसरा रस्ता मधल्या पाखरांचा. रानबदक काही आपल्या ओसरीवर येत नाही. पण कावळा तळ्यावर जातो आणि उकिरड्यावरही येतो. गायबगळा पाणथळीत हिंडतो आणि गोठ्यातही. कावळ्यांना हा रोग होतो हे आपण पाहिले आहे: २०२१ च्या आरंभी राजस्थानात कावळे मेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच राज्यात उदगीर शहरात मेले. तिसरा रस्ता आपण स्वतः. पाणथळीतून आलेल्या वहाणेचा चिखल, गावोगाव फिरणाऱ्या व्यापाऱ्याच्या पाट्या, अंड्यांचे पुठ्ठे, सायकलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या, आठवड्याचा बाजार. नवापुरास रोग कोणत्या रस्त्याने शिरला याचा निर्विवाद पुरावा पुढे आला नाही. पाखरांनी आणला म्हणणारे होते, व्यापारामुळे आला म्हणणारेही होते. शहाण्याने दोन्ही दारांना कडी लावावी.

येथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? परसातल्या कोंबड्या पाळणेच बंद करा, म्हणजे प्रश्न मिटला. मोठी कुक्कुटगृहे स्वच्छ असतात, तीच पुरेशी आहेत. हा सल्ला शहरात बसून देण्यास सोपा आहे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशातील ८५ कोटी कुक्कुटपक्ष्यांपैकी ३१ कोटींहून अधिक परसातले होते. म्हणजे दर तीन पक्ष्यांमागे एकाहून अधिक पक्षी कोणा ना कोणाच्या घरामागे चरतो आहे. आणि ते घर कोणाचे? आपल्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आणि भिल्ल समाजाचे पाडे आहेत. तेथल्या घरधनिणीजवळ बँकेचे पुस्तक असेल-नसेल, चार कोंबड्या असतात. पोराला ताप आला, एक कोंबडी बाजारात गेली. पाहुणा आला, देवाचे काही करायचे निघाले, कोंबडी लागली. शाळेची वही अंड्यांवर आली. जमीन पुरुषाच्या नावावर, बैल पुरुषाच्या हाती; कोंबडीचा पैसा तेवढा बाईच्या पदराच्या गाठीत राहतो. ती गाठ सोडून टाका, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस तरी दिसत नाही. शिवाय हजारांच्या दाटीतली रोगराई किती झपाट्याने पसरते, ते नवापूरने दाखवून दिलेच आहे.

दुसरा टोकाचा सल्ला म्हणजे रानपाखरांना हाकला, झाडांवरची घरटी पाडा, तळ्यावर बार उडवा. हा सल्ला तर अगदीच उलट्या काळजाचा आणि उलट्या बुद्धीचाही. हुसकावलेले पाखरू मरत नाही. ते दुसऱ्या गावच्या तळ्यावर जाते आणि रोग असेल तर तोही तिकडे नेते. एका गावचा रोग दहा गावांना वाटण्याची याहून सोपी युक्ती सापडायची नाही. जानेवारी २०२१ मध्ये हिमाचलातल्या पोंग धरणावर हजारो पक्षी मेले, त्यांत बहुसंख्य पट्टकादंब हंसच होते. ते बिचारे स्वतःच या रोगाचे बळी आहेत.

मग उरतो तो मधला मार्ग, आणि तोच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. पाखरू आभाळात राहू दे, कोंबडी परसात राहू दे. दोघांच्या मध्ये एक आडोसा उभा करा. बाहेरच्या देशांनीही हेच केले. ब्रिटनमध्ये २०२१ आणि २०२२ च्या हिवाळ्यांत कोंबड्या आत ठेवण्याचे सरकारी हुकूम निघाले. ज्याच्या घरी हौसेखातर दोनच कोंबड्या होत्या, त्यालाही त्यातून सूट नव्हती. तिकडे त्यासाठी विकतची जाळी मिळाली, पत्र्याची घरे मिळाली. आपल्याला ते परवडायचे नाही. तेव्हा परवडेल ते सांगतो.

पहिली गोष्ट छपराची. खुराड्याला आणि त्यापुढच्या थोड्या मोकळ्या जागेला वरून आच्छादन हवे. नुसती जाळी पुरत नाही, कारण वरून बसलेल्या पाखराची विष्ठा जाळीतून खाली पडते. जुना पत्रा, ताडपत्री, गवताने शाकारलेले छप्पर, काहीही चालेल. बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्यांचे किंवा तुरीच्या काट्यांचे कूड घाला. चिमणीला शिरता येणार नाही इतके ते दाट असावे. कोंबड्या दोनचारच असतील तर अडचणीच्या दिवसांत मोठे डालगेही कामी येते.

दुसरी गोष्ट दाण्यापाण्याची. अंगणात दाणे फेकण्याची सवय आपली जुनी आहे. त्या दाण्यांवर कोंबडीइतकाच हक्क कावळा, चिमणी आणि पारवा सांगतात. साथीच्या दिवसांत दाणे आणि पाणी आतच ठेवा आणि सांडलेले दाणे झाडून घ्या. पाणी विहिरीचे किंवा नळाचे द्या. नाल्याचे, तळ्याचे, डबक्याचे देऊ नका.

तिसरी गोष्ट सोबतीची. बदके आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नका. बदक रोग अंगात घेऊनही तरतरीत दिसू शकते. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोनतीन आठवडे वेगळी ठेवा, आणि विक्रीला नेऊन परत आणलेली कोंबडीसुद्धा नवीच समजा.

चौथी गोष्ट वहाणेची. खुराड्यात जाण्याची वहाण वेगळी ठेवा, ती तेथेच काढा. आत जाताना आणि बाहेर येताना साबणाने हात धुवा. या विषाणूभोवती स्निग्ध वेष्टन असते आणि साबण ते फोडतो. साध्या साबणाचे सामर्थ्य आपण फार कमी लेखतो. व्यापाऱ्याला खुराड्याशी नेऊ नका. कोंबडी बाहेर आणून द्या.

हे ऐकून कोणी बाई विचारील, आणि तिने विचारावेच, की बाबा, माझी कोंबडी उकिरड्यावर चरून पोट भरते. तिला कोंडली तर खायला मी घालू कुठून? हा प्रश्न खरा आहे. त्याला आमचे उत्तर असे. एक तर बारा महिने कोंडायला कोणी सांगत नाही. जवळपास रोग निघाल्याची वार्ता आली, गावात कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, किंवा सरकारी सूचना आली, की तेवढे दिवस ती आत राहावी. दुसरे, त्या दिवसांसाठी थोडी बेगमी करता येते. ज्वारी-बाजरीची कणी, दाळीचा चुरा, घरातले शिळे अन्न, स्वच्छ धुतलेला पाला. पाल्याची जुडी टांगून ठेवली तर कोंबड्या तिच्याशी झोंबत राहतात आणि एकमेकींची पिसे उपटत नाहीत. एका पाटीत राख आणि कोरडी माती ठेवा, म्हणजे त्यांचे धुळीचे स्नानही चुकणार नाही. आणि जागा ऐसपैस ठेवा, कारण दाटीत रोगाचेच फावते.

एवढे करूनही रोग आला तर? तर खूण ओळखावी. तुरा आणि गळ्याखालचे लोळे निळे पडतात, डोके सुजते, पायांवर लाल चट्टे उठतात, अंडी एकाएकी थांबतात किंवा मऊ कवचाची येतात. आणि कित्येकदा काहीच न दिसता सकाळी चार कोंबड्या मेलेल्या सापडतात. ही मानमोडी की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी ठरवण्याच्या भरीस पडू नका. ते काम प्रयोगशाळेचे. मानमोडीला लस आहे, ती वेळेवर टोचून घ्या, म्हणजे निदान एक घोटाळा कमी होईल. मेलेले पाखरू उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात टाकू नका, मांजरा-कुत्र्यापुढे टाकू नका. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले. जे वाघाला सोसले नाही, ते मांजराला काय सोसणार? पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ कळवा. २००९ च्या कायद्याने ते आपल्यावर बंधनकारकही आहे.

परंतु कायद्याचे नाव घेतले की कोंबडी पोत्यात जाते आणि पोते दुसऱ्या गावच्या मावशीकडे जाते, हे आम्ही जाणून आहोत. २००८ साली पश्चिम बंगालमध्ये असेच झाले. रोग परसातल्या कोंबड्यांत होता, लोकांनी त्या लपवल्या, आणि पाहता पाहता तो जिल्ह्यांमागून जिल्ह्यांत पसरून सुमारे चाळीस लाख पक्षी मारावे लागले. लपवणाऱ्या माणसाला केवळ अडाणी म्हणून आपण मोकळे होतो. त्याची बाजूही पाहा. मोठ्या कुक्कुटगृहाच्या मालकाजवळ वह्या असतात, पावत्या असतात, विमा असतो. पाड्यावरच्या बाईच्या चार कोंबड्यांची नोंद कोठे आहे? सरकार मारलेल्या पक्ष्यांची भरपाई देते, केंद्र आणि राज्य मिळून तो बोजा उचलतात. पण ती मारलेल्या पक्ष्यांची असते, रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे ज्याने लवकर कळवले त्याच्या पदरात काही पडते, ज्याने लपवले त्याची कोंबडीही जाते आणि पैसाही जातो. ही साधी गोष्ट तिला आधी कोणी सांगितली आहे काय? रोग आल्यावर पांढरे अंगरखे घातलेली माणसे दारात उभी राहतात, तेव्हा सांगून उपयोग नसतो. म्हणून आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक ग्रामपंचायतीने दिवाळीपूर्वी घरोघरच्या कोंबड्यांची एक साधी यादी करावी आणि ती करतानाच हा नियम समजावून द्यावा. वहीचे एक पान आणि दोन दिवसांचे काम. पण त्यामुळे गरिबाच्या मनात जो विश्वास उत्पन्न होईल, त्याची किंमत कोणत्याही औषधाहून अधिक आहे.

माणसाच्या भयाविषयी दोन शब्द सांगून आम्ही आवरते घेतो. हा रोग कोंबडीकडून माणसाला क्वचित होतो, पण झाला तर घातक असतो. २००३ पासून जगात याची जी माणसे नोंदली गेली, त्यांतली जवळजवळ निम्मी दगावली. भारतात जुलै २०२१ मध्ये हरियाणातला एक अकरा वर्षांचा मुलगा याने दिल्लीत वारला. मुलांना आजारी कोंबडीशी खेळू देऊ नका, मेलेली कोंबडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. बाकी नीट शिजवलेल्या अंड्याला आणि मटणाला भिण्याचे कारण नाही. सत्तर अंश उष्णतेला हा विषाणू टिकत नाही आणि आपल्या खानदेशी रश्श्याची उकळी त्याच्या कितीतरी पुढे असते. भीतीने सगळ्यांनीच अंडी सोडली, तर रोग नसलेल्या गावची बाईसुद्धा बुडते.

सध्या वसंत चालू आहे. आभाळातले पाहुणे आपापल्या देशी परतले आहेत, अनेरचे पाणी आटू लागले आहे आणि उन्हाने उकिरडे तापले आहेत. पुढल्या कार्तिकापर्यंत आपल्या हाती सहा महिने आहेत. शहरातल्या मंडळींनी आपल्या गावाकडच्या भावाला, बहिणीला, शेतावरच्या सालदाराला एवढा निरोप पोचवावा की पावसाळ्याआधी खुराडे शाकारून घे, पाण्याचे भांडे आत ने, आणि कोंबडी मेली तर लपवू नकोस. अनेरच्या तळ्यावर हंस उतरावेत आणि पाड्यावरच्या माउलीच्या पदराची गाठही शाबूत राहावी, एवढीच आमची मनीषा आहे.